डाव्या हाताचा इतिहास

१७७७ च्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतल्या मॅनहाइम शहरात एका घरी पियानोची शिकवणी चालू होती. शिकवणारा एकवीस वर्षांचा तरुण, नोकरीच्या शोधात गावोगाव हिंडत तिथे आलेला. शिकणारी तेरा वर्षांची मुलगी, तिथल्या दरबारी वाद्यवृंदाच्या प्रमुखाची लेक. तिचं नाव रोझा कानाबिख आणि शिक्षकाचं नाव वोल्फगांग मोझार्ट. मोझार्टने तिच्यासाठी नवा सोनाटा लिहायला घेतला होता. तो पुरा व्हायच्या आधीच शिकवणीला सुरुवातही झाली होती. साल्झबुर्गला वडिलांना पाठवलेल्या पत्रांत तो या शिकवणीचा वृत्तांत देतो. मुलगी हुशार आहे, चटकन उचलते, उजवा हात फार चांगला आहे, पण डावा पार बिघडवून ठेवलेला आहे. मी हिचा कायमचा शिक्षक असतो, असं तो पुढे लिहितो, तर हिची सगळी पुस्तकं कुलपात टाकली असती, पट्ट्यांवर रुमाल पसरला असता आणि आधी एक हात, मग दुसरा, अगदी संथ लयीत घोटून घेतला असता. सोनाट्याचा मधला संथ भाग शिकवताना सगळ्यात जास्त कष्ट पडतील, हेही त्याने ओळखलं होतं. त्या भागात भाव ठासून भरलेला आहे आणि आवाज कुठे लहान, कुठे मोठा हे लिहिल्याबरहुकूम यायला हवं.

तो सोनाटा आज के. ३०९ या क्रमांकाने ओळखला जातो. जगभरच्या सभागृहांत तो वाजतो, त्याच्या ध्वनिमुद्रिका निघतात. मला मात्र तो ऐकताना दर वेळी त्या मुलीचा डावा हात आठवतो. परभणीत गेली कित्येक वर्षं मी पेटी आणि पियानो शिकवते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची अडचण हीच आहे. आमच्याकडे अभिमानाने म्हणतात, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. लोक ते कशावरून म्हणतात यावर वाद चालत राहो. डाव्या हाताच्या बाबतीत मॅनहाइम आणि परभणी यांची गाठ पक्की आहे.

आमचा डावा हात कच्चा राहिला त्याला इतिहास आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर देबेनने १८४० च्या सुमारास हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्या वाद्याचा भाता पायाने चालायचा. वादक खुर्चीवर बसायचा आणि त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असायचे. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ते वाद्य हिंदुस्थानात आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याच्या द्वारकिन कंपनीच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याचा घाट बदलला. वाद्य जमिनीवर ठेवता येईल इतकं आटोपशीर झालं, पाय गेले, भाता मागच्या बाजूला आला आणि तो हलवायला डावा हात लागला. आपली बैठक जमिनीवरची, गाणारा मांडी घालून बसणारा, साथीदारही त्याच्याच शेजारी. तेव्हा हा बदल अगदी योग्य होता. आपल्या संगीतात एकच सुरावट पुढे जात असते, तिला उजवा हात पुरतो. पण त्या दिवसापासून इथल्या पेटीवाल्याचा डावा हात श्वास देणारा झाला, सूर लावायचं त्याचं काम संपलं.

मराठी रंगभूमीवर दोन्ही हात काही काळ टिकले. संगीत नाटकांच्या ऐन भरात रंगमंचासमोरच्या खड्ड्यात पायपेटी असे, पुढे ऑर्गन आला. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्या वाद्याला जी प्रतिष्ठा दिली, ती अजून कुणाला देता आलेली नाही. नाटक कंपन्या बसल्या तसे ते ऑर्गनही कुठे कुठे गेले. उरली ती हातपेटी. तिच्यावरही १९४० मध्ये आकाशवाणीने बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. मींड निघत नाही, सूर ठरावीक, असे आक्षेप होते. ते खोटे नव्हते. पण गावोगावच्या भजनी मंडळांनी आणि शाळांनी पेटी सोडली नाही. जालन्यात लहानाचे मोठे झालेले आप्पा जळगावकर त्याच पेटीवर देशातल्या मोठमोठ्या गवयांच्या शेजारी बसले. जालना आमच्याच लोहमार्गावरचं गाव. मनमाड ते सिकंदराबाद ही गाडी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. परभणी निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे आमच्याकडे वाद्यं मुंबईहून जेवढी आली तेवढीच हैदराबादकडूनही आली. माझ्या आजोबांची पेटी तिकडचीच. कोर्ट-कचेरी आणि शाळा उर्दूत, भजन मराठीत, उरुसात कव्वाली हिंदुस्थानीत. या तिन्हींना पेटी चालायची.

मी त्याच पेटीवर शिकले. नानलपेठेत आमच्या गुरुजींकडे संध्याकाळी सतरंजीवर आम्ही बसायचो. अलंकार, पलटे, मग राग. परीक्षा गांधर्व महाविद्यालयाच्या. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते गेल्यावर १९३१ मध्येच त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या त्यातूनच घट्ट झाल्या. त्या पायऱ्या नसत्या तर परभणीसारख्या गावातल्या, घराण्याच्या उस्तादाचं दर्शनही न झालेल्या मुलींना रागसंगीत मिळालंच नसतं. मी मध्यमा पूर्ण केली तेव्हा पेटीवर माझी बोटं सफाईने फिरत होती. अर्थात उजव्या हाताची.

पुढे कॉलेजसाठी मामाकडे गिरगावात राहिले आणि खोताच्या वाडीत एका गोवेकर बाईंकडे पियानो शिकायला जाऊ लागले. त्या मूळच्या मडगावच्या. आम्ही त्यांना मिस म्हणायचो. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकापासून गोव्यात चर्चला जोडून शाळा काढल्या. त्यांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. मुंबईच्या सिनेमातले वाद्यवृंद उभे राहिले ते अशा शाळांतून आलेल्या माणसांच्या बळावर. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यांतली मोठी नावं. मिसचं शिक्षणही अशाच एका शाळेत सुरू झालं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, मनगट हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, “ह्या हातान आजवर फक्त वारो घातलो मगे?” आणि तिथून माझं डाव्या हाताचं शिक्षण सुरू झालं.

मिसनी मला दिलेला पहिला सोनाटा म्हणजे मोझार्टचा सी मेजरमधला, के. ५४५. मोझार्टने स्वतःच्या कृतींची वही ठेवली होती. तीत २६ जून १७८८ या तारखेला त्याची नोंद ‘नवशिक्यांसाठी छोटा सोनाटा’ अशी आहे. महिन्याभराने, २५ जुलैला, त्याच वहीत जी मायनरमधल्या सिंफनीची नोंद आहे. ती सिंफनी आज चाळिसावी म्हणून ओळखली जाते. ती ऐकली नाही असं म्हणणाऱ्या मराठी माणसानेही ती ऐकलेली असते. ‘छाया’ (१९६१) या चित्रपटात सलील चौधरींनी तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या द्वंद्वगीताची चाल तिच्यावरूनच बांधली आहे. एवढी थोर सिंफनी आणि शिकवणीचा हा लहानसा सोनाटा एकाच उन्हाळ्यात लिहिला गेला. लहान सोनाट्याला मोझार्टने कमी लेखलं नव्हतं, एवढं यावरून मला कळतं. तो छापला गेला मात्र १८०५ मध्ये, म्हणजे मोझार्ट गेल्यानंतर चौदा वर्षांनी. तोवर तो शिष्यांच्या वह्यांतच असणार.

पेटीच्या मुलीला तो पहिल्यांदा अगदी ओळखीचा वाटतो. उजवा हात सा, ग, प असा वर जातो, मग खालच्या निषादावरून सा-रे-सा. सगळे स्वर शुद्ध, बिलावलाच्या घरातले. डावा हात मात्र एकच काम करत असतो. सा-प-ग-प, सा-प-ग-प, न थांबता, न चढता, न उतरता. या साच्याला डोमेनिको अल्बर्टी नावाच्या इटालियन संगीतकाराचं नाव मिळालं आहे. तो वाजवणं सोपं, तो हळू वाजवणं महाकठीण. तबल्याची साथ करणाऱ्याला विचारा. नुसता ठेका तासभर एकसारखा धरणं किती अवघड असतं ते तो सांगेल.

या सोनाट्यात एक जागा आहे. पहिल्या अठ्ठावीस मापांत, म्हणजे स्वरलेखनात उभ्या रेघांनी पाडलेल्या घरांत, मांडणी होते. सुरुवात सा वर, मग दुसरी कल्पना पंचमाला सा मानून. मग थोडा विस्तार. आणि बेचाळिसाव्या मापात पहिली कल्पना परत येते. मी ते वाजवून पुढे निघाले तशी मिसनी हात धरला.

“कुठे आलीस?”

“सा वर.”

“कान दे. परत वाजव.”

वाजवलं. कल्पना तीच होती, पण ती मध्यमाला सा मानून उभी होती. रीत अशी की पहिली कल्पना परतते ती मूळ सा वर. मोझार्टने ती आधी मध्यमावर आणली आणि मग सा वर पोचवली. मी इतके दिवस ते सुरळीत वाजवत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून मी कुठलाही सोनाटा आधी गाऊन पाहिल्याशिवाय शिकवत नाही.

सोनाटा शिकवणीतच जन्मला आणि शिकवणीतच वाढला. सभागृहात तो फार उशिरा आला. मोझार्ट आणि बीथोवेनच्या काळात व्हिएन्नाच्या जाहीर मैफलींत सिंफन्या, कॉन्चेर्टो, ऑपेरातले तुकडे वाजत. एकट्या पियानोचा सोनाटा घरी वाजायचा, दिवाणखान्यात, चारसहा माणसांत, आणि मुख्यतः शिष्य आणि गुरू यांच्यात. एकाच वादकाने पूर्ण कार्यक्रम करायची प्रथा फ्रान्झ लिस्टने १८३९-४० च्या सुमारास पाडली. तेव्हा बीथोवेनला जाऊन बारा वर्षं झाली होती.

बर्लिनला फ्रेडरिक राजाच्या पदरी असलेल्या कार्ल फिलिप एमानुएल बाखने १७५३ मध्ये वाद्य वाजवण्याच्या खऱ्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि त्याला सहा सोनाटे जोडले. धडा वाचा आणि तो त्या सोनाट्यात वाजवून पाहा, अशी ती योजना. बॉनमध्ये ख्रिश्चन नीफे नावाच्या ऑर्गनवादकाने छोट्या बीथोवेनकडून एमानुएलच्या वडिलांचा, योहान सेबास्टियन बाखचा, ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’ हा संग्रह जवळपास पुरा वाजवून घेतला होता. १७८३ मध्ये त्याने एका नियतकालिकात तसं लिहिलंही. तो बीथोवेन व्हिएन्नाला गेला आणि स्वतः गुरू झाला. १७९९ मध्ये ब्रुन्स्विक घराण्यातल्या बहिणी त्याच्याकडे शिकल्या. त्यांतल्या तेरेझाने पुढे आठवणींत सांगितलं की ती बोटं सपाट ठेवत असे. बीथोवेन तिची बोटं धरून वाकवत बसायचा, आणि तासाभराची शिकवणी चार-पाच तास लांबायची. १८०१ च्या आसपास दहा वर्षांचा कार्ल चेर्नी त्याच्याकडे आला. बीथोवेनने पहिल्याच भेटीत सांगितलं, एमानुएल बाखचा तो ग्रंथ आण. सुरुवातीच्या शिकवण्यांत नुसत्या सर्व पट्ट्यांतल्या सप्तकांचा रियाज आणि अंगठ्याचा वापर. मग त्या ग्रंथातले धडे, एक सूर दुसऱ्याला चिकटवून.

आमच्या गुरुजींनी मला वर्षभर पलट्यांवर ठेवलं होतं, हे सांगितलं की माझ्या आजच्या विद्यार्थ्यांचे पालक चुळबुळतात. त्यांना मी चेर्नीची गोष्ट सांगते.

त्याच चेर्नीकडे पुढे बीथोवेनने आपल्या पुतण्याला, कार्लला, शिकायला पाठवलं आणि १८१७ मध्ये पत्रातून सूचना केल्या. मला ते पत्र फार मोलाचं वाटतं. मुलाची बोटं बरोबर पडू लागली, लय आणि स्वर जवळपास जमले, की मग त्याला बारीकसारीक चुकांसाठी मध्ये अडवू नका. भाग संपू द्या, मग चूक दाखवा. मी शिष्यांच्या बाबतीत हेच केलं आहे, यानेच कलावंत लवकर घडतो, असं बीथोवेन लिहितो. ज्याच्या रागीटपणाच्या इतक्या कहाण्या आपण ऐकतो त्याच माणसाने लिहिलेलं हे. मी तो सल्ला पाळते. आमच्याकडे चूक झाली की लगेच “थांब” म्हणायची सवय आहे, त्यामुळे मुलाला आठ मापं उत्तम येतात आणि पूर्ण भाग कधीच येत नाही.

शिकवणीच्या पैशाची गोष्टही तेव्हा होती तशीच आज आहे. मोझार्टने जानेवारी १७८२ च्या पत्रात वडिलांना लिहिलं की आता तो बारा शिकवण्यांचे सहा डुकाट न घेता महिन्याचे सहा डुकाट घेतो. कारण शिष्य आठवडेच्या आठवडे गायब होतात. आता शिकोत वा न शिकोत, पैसे द्यायचे. हे पत्र वसमत रोडवरच्या कुठल्याही शिकवणीवाल्याला वाचून दाखवा, तो मान हलवेल. मुझिओ क्लेमेंटी तर लंडनमध्ये शिक्षक, प्रकाशक आणि पियानोचा कारखानदार एकाच वेळी होता. त्याच्या ओपस ३६ मधल्या सहा सोनाटिना १७९७ च्या, अजून जगभर पहिल्या पायरीला चालतात. माझ्याकडेही चालतात.

‘सोनाटा फॉर्म’ ज्याला म्हणतात, म्हणजे मांडणी, विस्तार आणि परतणं असा आराखडा, त्याला हे नाव आणि व्याख्या १८४० च्या दशकात मिळाली. चेर्नी आणि ए. बी. मार्क्स यांच्यासारख्यांनी ती दिली. हायडन, मोझार्ट, बीथोवेन यांनी तो आराखडा शिकवणीत दाखवला होता, पुस्तकात नव्हता. ख्यालाचं असंच झालं. पं. भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवायच्या कितीतरी आधी ख्याल शिकवले जात होते.

मग परीक्षा आल्या. लंडनचं ट्रिनिटी कॉलेज १८७२ चं, त्याच्या बाहेरच्या परीक्षा १८७७ पासून. दुसरं मंडळ, असोसिएटेड बोर्ड, १८८९ मध्ये निघालं. ब्रिटिश साम्राज्याबरोबर या परीक्षा मुंबईत रुजल्या. पारशी, अँग्लो-इंडियन, गोवेकर, ईस्ट इंडियन घरांत पियानो होते आणि धोबी तलावावर १८६५ पासून फुर्तादोसचं दुकान होतं. तिथे पुस्तकं, तारा, वाद्यं सगळं मिळायचं. मीही तिथूनच पुस्तकं आणली, अजूनही आणते. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने जायचं, दिवसभर काम उरकायचं आणि रात्रीच्या गाडीने परत. गोव्यात १९५२ मध्ये मास्टर आंतोनियो दे फिगेरेदो यांनी पणजीला आकादेमिया द म्युझिका काढली, तिचं काम पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात चालू राहिलं.

या परीक्षांचे उपकार मी मानते. दूरच्या मुलाला एक ठरलेला मार्ग मिळतो, परीक्षक ओळखीचा नसतो, गुण पक्षपाताने पडत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत दोन्ही मंडळांनी घरून चित्रफीत पाठवून परीक्षा द्यायची सोय केली. तेव्हा माझ्या परभणीच्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा प्रवास न करता वरच्या इयत्तेची परीक्षा देता आली. तरीही एक नुकसान स्पष्ट दिसतं. अभ्यासक्रमात सोनाट्याचा एक भाग असतो, बहुतेक पहिला. मूल वर्षभर तेवढाच भाग वाजवतं. मधला संथ भाग, ज्याच्यासाठी मोझार्टने रोझाबरोबर सगळ्यात जास्त कष्ट घ्यायचं ठरवलं होतं, तो पुस्तकात तसाच पडून राहतो. माझ्याकडे नियम आहे. एक भाग परीक्षेला, पण बाकीचे भाग निदान वाचून, गाऊन, संथ वाजवून व्हायलाच हवेत.

सध्या माझ्याकडे कृषी विद्यापीठाच्या वसाहतीतली एक मुलगी आहे, अकरावीत. विद्यापीठ १९७२ चं, वसाहतही तेव्हापासूनची. तिथल्या मुलांनी माझी शिकवणी इतकी वर्षं चालवली. ती मला काकू म्हणते. आधी पेटी शिकली, मग सोनाटिना, मग के. ५४५. आता तिला बीथोवेनच्या ओपस २ मधला पहिला सोनाटा दिला आहे, एफ मायनरमधला. तो १७९६ मध्ये व्हिएन्नाच्या आर्टारियाने छापला, बीथोवेनने तो गुरू हायडनला अर्पण केला. माझ्या मते, सोपे सोनाटे ओलांडून पुढे जाणाऱ्या मुलाला देण्यासारखा याहून चांगला पहिला भाग नाही. तो लहान आहे, १५२ मापांचा. त्यात एकही बोट दाखवण्यासाठी नाही. आणि त्याचा सगळा आराखडा कानाला स्वच्छ ऐकू येतो.

आम्ही पेटीच्या भाषेतच बोलतो. सा पांढरी चार. ग आणि ध कोमल, नि शुद्ध, म्हणजे किरवाणीची ओळख. हा राग नाही, हे मी लगेच सांगते, पण ओळख कामाला येते. पहिल्या आठ मापांत उजवा हात पंचमावरून सा-ग-प-सा-ग असा जिना चढतो आणि वर एक गिरकी घेतो. तेच दुसऱ्या जागेवरून. मग त्या वाक्याचा अर्धा तुकडा, परत अर्धा तुकडा, आणि सातव्या मापात सगळा जोर. आठव्यात आवाज एकदम लहान आणि थांबा. दोन माप, दोन माप, एक, एक, आणि मग उडी. तिहाईत जसे तुकडे लहान होत समेकडे धावतात तसं काहीसं. पण तिहाई समेवर येऊन सुटते आणि हे वाक्य सुटत नाही, अर्ध्यात लटकतं. मी तिला हे आधी टाळ्या देत म्हणायला लावलं. नंतर हात.

डावा हात या आठ मापांत फार थोडं बोलतो. उजवा हात ठोक्यावर सूर धरून बसला की डावा मागच्या ठोक्यांवर आघात देतो. पेटीच्या मुलांचा डावा हात एकसारखा वारा घालायला शिकलेला असतो. मध्येच थांबून, नेमक्या क्षणी, हलकेच आघात द्यायचा हे त्याला कधी सांगितलेलंच नसतं. म्हणून मी मोझार्टचा रुमाल वापरते. तिचीच ओढणी पट्ट्यांच्या उजव्या अर्ध्या भागावर टाकते आणि पंधरा दिवस फक्त डावा हात. उजवा भाग तिने गायचा. मुलगी कंटाळते, मी कंटाळत नाही.

सगळ्यात मोठी अडचण मात्र बोटांची नाही. आपल्या संगीतात सा हलत नाही. तानपुरा एकदा मिळवला की मैफल संपेपर्यंत तोच षड्ज. या भागात विसाव्या मापाच्या आसपास सा पांढरी चारवरून उचलून काळी चारवर ठेवायचा असतो आणि दुसरी कल्पना तिथे सुरू होते. ती पहिलीच्या उलट, उतरत येते. डावा हात खाली नव्या पंचमाचा सूर धरून ठेवतो, जणू तानपुऱ्याची पंचमाची तार लागली आहे आणि षड्जाची अजून लागायची आहे. रागसंगीतावर वाढलेला कान हे सहजी मानत नाही. ती मुलगी कित्येक दिवस जुन्याच सा वरून सरगम म्हणत होती. मी तिला पेटीवर दोन्ही सा आळीपाळीने धरायला लावले, एकदा पांढरी चार, एकदा काळी चार, आणि वर तीच सुरावट. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, “काकू, इथे सा सरकला.” तिथून पुढचं शिकवणं सोपं होतं.

कारण पुढे, १०१ व्या मापात, पहिली कल्पना परतते तेव्हा सुरुवातीला लहान असलेला आवाज आता मोठा आहे. आणि दुसरी कल्पना परतते ती काळी चारवर न जाता पांढरी चारवरच. जो प्रकाश मांडणीत दिसला होता तो शेवटी मिळत नाही. सगळं पुन्हा मायनरमध्येच बंद होतं. सा सरकला हे ज्याला कळलं, त्यालाच सा न सरकल्याचं दुःख कळेल. मांडणीच्या शेवटच्या मापांपाशी बीथोवेनने ‘भावपूर्ण’ असा शब्द लिहिला आहे. त्या जागी मी काहीच शिकवत नाही, नुसती शेजारी बसते.

तिची ‘नीट’ परीक्षेची तयारी चालू आहे, लातूरच्या क्लासला जायचं की इथेच राहायचं यावर घरात चर्चा आहे. पियानो बंद पडू नये एवढंच माझं म्हणणं मी तिच्या आईपाशी मांडलं आहे. आठवड्यातून एकदा आली तरी चालेल. बीथोवेनचे शिष्यही सगळे वादक झाले नाहीत.

माझ्या खोलीतला पियानो अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, विजेवरचा आहे, वजनदार पट्ट्यांचा. परभणीच्या मे महिन्यात लाकडी पियानोचं जे होईल त्याचा विचारही मला नको वाटतो. वीज गेली की इन्व्हर्टरवर चालतो. तो महाग आहे आणि सगळ्यांना परवडत नाही, म्हणून हे शेवटचं सांगते. मोझार्ट आणि तरुण बीथोवेन ज्या व्हिएन्नाच्या पियानोवर शिकवत आणि लिहीत, त्याला पाच सप्तकं होती, एकसष्ट पट्ट्या. ओपस २ मधला हा सोनाटा तेवढ्यातच मावतो. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, पाथरी, पूर्णा, कुठेही एखाद्या घरात वाढदिवसाला आणलेला एकसष्ट पट्ट्यांचा की-बोर्ड कपाटावर पडून असेल, तर तो खाली काढा. त्याचा खर्ज त्या पियानोपेक्षा सात सूर वर सुरू होतो, तळाचे ते सूर एक सप्तक वर वाजवले तरी शिकण्यापुरतं भागतं. मूल पेटी शिकलेलं असेल तर फारच उत्तम. त्याचा कान तयार आहे. पहिले काही आठवडे त्याला फक्त डावा हात वाजवू द्या.